चौतीस फेऱ्यांची मोटार

समजा, तुम्हाला वेबसाइट बनवता येते. फार भारी नाही, पण येते. यवतमाळला सहा महिने राहून कोर्स केला आहे. घरी एक जुना लॅपटॉप आहे, त्याची वायर एका ठरावीक कोनात धरली तरच चार्ज होतो. आता काम शोधा. नागपूर-पुण्याच्या कंपन्यांना मेल टाका, फोन लावा. पलीकडचा माणूस गोड बोलतो आणि शेवटी एकच विचारतो, "आधी केलेलं काही आहे का? लोक खरोखर वापरतात असं?" आधी केलेलं काही असायचं तर कोणीतरी आधी काम द्यायला हवं. मग उठा, ओढणी नीट करा आणि दिग्रसच्या मेन रोडवर दुपारच्या उन्हात दुकानामागून दुकान विचारत निघा, "तुमची वेबसाइट बनवून देऊ का? फुकट."

मोनाली मनवर असंच विचारत फिरत होती. २०१७ चा सप्टेंबर होता. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बोंडात गुलाबी अळी शिरली होती आणि कोणाच्याच तोंडी दुसरा विषय नव्हता. कृषी केंद्राच्या मालकानं तिच्याकडे न पाहताच सांगितलं, "बाई, आता माह्या दुकानात येते तो भांडाले येते. नेटवरबी भांडन कायले घेऊ?" कापडवाला म्हणाला, दिवाळीनंतर ये. फोटो स्टुडिओवाल्यानं चहा पाजला आणि स्वतःचीच चार रडगाणी ऐकवली. तिचे वडील डोमाजी जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली होते. यंदा जिनिंग कधी सुरू होईल याचा पत्ता नव्हता, म्हणून ते घरीच असत. संध्याकाळी ती परत आली की ते विचारत, "आज किती नाई म्हनले?" आकडा ऐकून म्हणत, "कालच्यापेक्षा कमी हायेत." खरं म्हणजे दुकानंच संपत आली होती.

बसस्टँडमागच्या गल्लीत पूनमसिंग आडेंचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची, बोअरवरची मोटार जळली की लोक ती त्यांच्याकडे आणत. आतली जळकी तार काढायची, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी घालायची, याला तिकडे मोटार भरणं म्हणतात. साठीला टेकलेला हा माणूस तीस वर्षं मोटारी भरत होता. त्यांच्या बोटांच्या टोकांना वॉर्निशचा तपकिरी रंग कायमचा बसला होता.

"मले कायले पायजे वेबसाइट?" ते म्हणाले. हाताशी तीन मोटारी उघड्या पडल्या होत्या. "लाइनचा भरवसा नाई, व्होल्टेज नाई, मोटारी आपल्या आपनच जळतात. गिऱ्हाइक मले शोधत येते."

"बरं काका," म्हणून ती वळली. तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"छोरी, थांब. हे मोबाइलात बसते का?"

त्यांनी लोखंडी पेटीतून एक वही काढली. वही कसली, तेल आणि वॉर्निश पिऊन फुगलेला गठ्ठा. काही पानं एकमेकांना चिकटली होती. प्रत्येक पानावर एकेका मोटारीची माहिती होती. कंपनी, हॉर्सपॉवर, खाचे किती, तार कोणत्या जाडीची, प्रत्येक खाच्यात तारेचे फेरे किती. मोटार जुन्या तारेसकट आली तर मिस्त्री तिचेच फेरे मोजून नवी भरतो. पण आधी कोणी तार काढून विकलेली असली, किंवा जळून तिचा गोळा झालेला असला, तर मोजायला काही उरत नाही. तेव्हा वहीच कामी येते.

"फाटून राह्यली," ते म्हणाले. "माह्या भाच्यालेबी मी ही वही दाखवली नाई. धा वर्षं माह्या हाताखाली होता. तुले देतो, कारन तुले मोटारीतलं काही समजत नाई."

मोनाली हसली. ते हसले नाहीत.

तीन आठवडे तिनं ती वही उतरवली. आई प्रभावती चिकटलेली पानं वाफेवर धरून सोडवून देत असे, जुन्या पाकिटांवरची तिकिटं सोडवावीत तशी. "कोनाचा तरी जीव हाये हा," एकदा ती म्हणाली. मोनालीनं चारशे बारा मोटारी एका तक्त्यात बसवल्या. कंपनीचं नाव टाकलं की खाली माहिती येई. पहिल्यांदा तिनं दोन अक्षरं टाइप केली आणि बरोबर ती मोटार समोर आली, तेव्हा तिनं आईला चुलीपुढून उठवून आणून दाखवलं.

पानाला कुलूप हवं होतं. नाव आणि पासवर्ड टाकल्याशिवाय उघडू नये असं. ते तिला नीट जमत नव्हतं. पासवर्ड चुकीचा टाकला तरी पान उघडे, बरोबर टाकला तर कधी उघडत नसे. शेवटी तिनं ते कुलूप काढून ठेवलं. पत्ता कोणाला माहीतच नाही तर येणार कोण, असा तिनं विचार केला. पूनमसिंगांच्या मोबाइलात पान लावून दिलं. खाली लिहिलं, 'माहिती: पूनमसिंग आडे, दिग्रस', आणि त्याखाली स्वतःचा नंबर. पूनमसिंगांनी बोटानं पान वर-खाली सरकवलं, बराच वेळ. मग म्हणाले, "वास नाई येत वहीचा. बाकी बरोबर हाये."

इथवर सगळं चांगलं होतं.

मोनाली नवशिक्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपात होती. तिथं समीक्षाताई होत्या, मूळच्या पुसदच्या, आता पुण्यात एका कंपनीत कामाला. त्या नव्या पोरांचं काम पाहून खरं ते सांगत, म्हणून सगळे त्यांना टरकून असत. मोनालीला रंगांविषयी विचारायचं होतं. मोबाइलवर तक्ता नीट दिसतो का, हेही. तिनं पानाचा पत्ता ग्रुपात टाकला. वहीबद्दल पूनमसिंग काय म्हणाले होते ते तिला त्या क्षणी आठवलं नाही असं नव्हतं. आठवलं. पण ग्रुपात सगळी कॉम्प्युटरची पोरं, त्यांना मोटारीतलं काय समजतं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

त्यातल्या एका पोराचा मामा वाइंडिंग मिस्त्री होता.

चौथ्या दिवशी पान पाहणाऱ्यांचा आकडा सहावरून साठवर गेला. आठवड्यानं दिवसाला शंभराच्या पुढे. पुसद, उमरखेड, पार आदिलाबादकडून लोक येत होते. मोनालीनं ते पाहिलं आणि तिला एकदम दोन गोष्टी वाटल्या. एक म्हणजे भीती. दुसरी भीतीपेक्षा मोठी होती. लोक वापरत होते. खरोखर. तिनं बनवलेलं.

समीक्षाताईंनी शनिवारी सकाळी मेसेज केला, "हे छान चाललंय. सोमवारी लिंक मला पुन्हा पाठव, मी सरांना दाखवते. आमच्याकडे एक शिकाऊ जागा निघतेय."

मोनालीनं तो मेसेज वडिलांना दोनदा वाचून दाखवला. डोमाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हंजे आता 'नाई' म्हनायचं त्या दुकानवाल्याइच्या हाती राह्यलं नाई," एवढंच म्हणाले आणि उगाच अंगणातल्या नळाचा वॉशर बदलायला बसले.

दुपारी फोन आला.

"ते मोटारीवालं पान तुमचंच ना? मी महागाववरून खेमसिंग बोलतो, वाइंडिंगवाला." आवाज भांडखोर नव्हता, उलट जरा ओशाळलेला होता. "पाच हॉर्सपॉवरची एक मोटार भरली होती तुमच्या पानावरून. कोनी तरी आधीच तार काढून नेलती, सांगाडाच आला माह्याकडे. चौतीस फेरे लिहून होते, तेवढेच टाकले. तिसऱ्या दिवशी धूर. मले वाटलं माहाच हात चुकला. पुन्हा सगळं खोलून मोजलं. चौतीसच हायेत."

मोनालीनं मोटारीची कंपनी विचारून लिहून घेतली. "काका, लिहिताना माझीच चूक झाली असेल. मी वहीत पाहून सांगते."

"पाहा ना, बाई. बाकी काही म्हननं नाई. खाली पूनमसिंग आडेचं नाव होतं, म्हून मी काही तपासलंबी नाई. त्याइच्या हातच्या मोटारी मी खोललेल्या हायेत. तो मानूस चुकत नाई."

वही अजून तिच्याकडेच होती. तिनं पान काढलं. वहीतही चौतीसच होतं, स्वच्छ, निळ्या शाईत.

ती उठली आणि चपला पायात अडकवल्या. दुकानापर्यंतची वाट दहा मिनिटांची. त्या दहा मिनिटांत तिनं तीन वेगवेगळी खोटी कारणं तयार केली आणि दुकानाच्या पायरीवर तिन्ही टाकून दिली.

पूनमसिंग हाताच्या चरख्यावर वेटोळं घालत होते. तिनं सगळं सांगितलं. कुलूप जमलं नाही ते, ग्रुपात टाकलं ते, आकडा वाढताना पाहूनही गप्प राहिली ते, आणि महागावचा फोन. चरखा फिरायचा थांबला. पूनमसिंगांनी तारेचं टोक दातात धरलं होतं, ते तसंच राहिलं. बाहेर कोणीतरी मोटारसायकलला लाथा मारत होतं.

"कोनती मोटार?" त्यांनी विचारलं.

तिनं पान दाखवलं.

"चौतीस," ते म्हणाले. "म्हंजे अडतीस."

"वहीत चौतीसच आहे, काका."

"वहीत चौतीसच असनार. वही चोरीले गेली तं? माह्या उस्तादानं शिकवलं होतं. लिहाचं एक, भराचं दुसरं. या पानाले चार मिळवायचे. फेरे कमी पडले का करंट जास्त खाते, तापते, जळते. चोरानं एकदा भरली का गिऱ्हाइक त्याच्या दारात पुन्हा जात नाई." त्यांनी दातातली तार काढली. "तीस वर्षं कोनी चोरलीच नाई. मले वाटाले लागलं होतं, फुकटच चुकीचं लिहत बसलो."

"तुम्ही मला सांगितलं नाही."

"तू कुठं इचारलं, लोकाइले दाखवू का म्हून?"

पूनमसिंगांनी पाण्याचा लोटा तिच्याकडे सरकवला.

"भाच्याले दाखवली नाई मी," ते पुन्हा म्हणाले, जणू स्वतःशीच. मग वेगळ्या आवाजात, "तू लोकाइले वही दाखवली ते एक बाजूले ठेव. त्याचं मी तुह्याशी मंग भांडीन. पन माहं नाव पाहून एका मानसानं मोटार भरली आन् ती जळली. कोनाची होती मोटार?"

"विचारलं नाही."

"इचार. उद्या रविवार हाये, जाऊ."

"मी पान आत्ताच दुरुस्त करते. सगळीकडे चार मिळवते."

"सगळीकडे चार कुठं हायेत?" पूनमसिंग म्हणाले. "कुठं चार, कुठं सहा. कुठं बरोबरच लिहून ठेवलं. ते पान पाहिलं का मले आठवते. वही हातात नसली तं नाई आठवत."

चारशे बारा मोटारी. दुरुस्ती एका संध्याकाळची नव्हती. आणि सोमवार परवावर आला होता. मोनालीनं घरी जाऊन लॅपटॉप उघडला. दिवसभरात एकशे एकवीस लोक येऊन गेले होते. पान तसंच ठेवून समीक्षाताईंना पाठवता आलं असतं. पुण्यातल्या सरांना अडतीस आणि चौतीसातला फरक कळणार नव्हता. फक्त सोमवारपर्यंत, फक्त दोन दिवस. तिनं आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती. मोनालीला वाटलं, तिनं काहीतरी म्हणावं.

तिनं तक्ता काढून टाकला. त्या जागी मोठ्या अक्षरात लिहिलं:

'या पानावर मोटारींचे आकडे होते. ते चुकीचे होते. चूक पूनमसिंग आडे यांची नाही, माझी आहे. त्यांना न विचारता मी ते उघडे ठेवले. यावरून कोणी मोटार भरली असेल तर कृपया चालू करू नका, मला फोन करा. मोनाली मनवर, दिग्रस.'

खाली नंबर. मग हेच हिंदीत.

रविवारी सकाळी दोघं एसटीनं पुसदला उतरले, तिथून महागावची गाडी धरली. पूनमसिंगांनी मांडीवर तारेचं बंडल धरलं होतं, कापडी पिशवीत, लहान मूल धरावं तसं. खिडकीबाहेर पऱ्हाटीची शेतं लांबून हिरवी दिसत होती.

खेमसिंग चाळिशीचा निघाला, काटकुळा. त्यानं पूनमसिंगांना पाहिलं आणि पुढे येऊन वाकला. "जय सेवालाल, काका. तुमी कायले तकलीफ घेतली? फोनवर आकडा सांगतला असता."

"आकडा फोनवर सांगत नसतात," पूनमसिंग म्हणाले. "मोटार कुठं हाये?"

मोटार भागीरथाबाईंची होती. त्या दुकानाच्या बाकावरच बसल्या होत्या, कासोटा घट्ट, हातात रिकामी पिशवी. "तुमी का ते नेटवाले?" त्यांनी मोनालीला विचारलं. मोनालीनं मान हलवली आणि माफी मागितली. बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "एवढीशी तं हाये," त्या म्हणाल्या. "तूर सुकून राह्यली माही. पऱ्हाटी तं अळीनं खाल्ली, तुरीवरच भिस्त हाये. संध्याकायपर्यंत पानी पडलं पायजे, मंग काय म्हनायचं ते म्हनतो."

पूनमसिंगांनी मोटारीत डोकावलं. वेटोळ्यांची टोकं दोऱ्यानं बांधलेली होती. त्यांनी एका गाठीवर बोट ठेवलं.

"हे गाठ तुही?"

"हो, काका."

"मले माहीत हाये हे गाठ. दिग्रसले अशा चार-पाच मोटारी येऊन गेल्या. मी म्हनो, हे बांधते कोन? खोलाले जीव नाई होत." मग मोनालीकडे वळून, "अन् हा तुले म्हनते, माहाच हात चुकला असन. ह्याचा हात चुकत नाई. पाहून ठेव."

खेमसिंगनं उगाच पक्कड उचलली आणि पुन्हा ठेवली.

दोघांनी मिळून मोटार पुन्हा भरायला घेतली. एकजण चरख्यावर, एकजण खाच्यात तार बसवायला. मोनालीला त्यांनी फेरे मोजायला बसवलं. "मोठ्यानं मोज. आम्हाले ऐकू आलं पायजे." ती मोजू लागली. बावीसवर खेमसिंग काहीतरी बोलला आणि ती चुकली, तर पूनमसिंगांनी सगळे फेरे उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. रागावले नाहीत. दुपारपर्यंत तिचा घसा बसला. प्रत्येक वेटोळ्याला तिच्या तोंडून अडतीस आलं की भागीरथाबाई बाकावरून म्हणत, "झालं? आता किती राह्यले?" चार वाजता मोटार टेम्पोत चढली. निघताना बाईंनी पिशवीतून नाही, कमरेच्या ओटीतून मूठभर तुरीच्या ओल्या शेंगा काढून मोनालीच्या हातावर ठेवल्या.

परतीच्या गाडीत पूनमसिंग म्हणाले, "चार मिळवायचे हे त्याले सांगावं लागलं मले. आज एकाले सांगतलं." पिशवीतली उरलेली तार त्यांनी चाचपली. "वाईट नाई वाटलं तेवढं."

सोमवारी मोनालीनं समीक्षाताईंना लिंक पाठवली, ती आता जशी होती तशी. पाच मिनिटांत फोन आला.

"मोनाली, हे काय आहे? तक्ता कुठे गेला?"

तिनं सांगितलं. पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता, तो थांबला.

"कुलूप नव्हतं हे मी पाहायला हवं होतं," समीक्षाताई म्हणाल्या. "मी रंगांवर बोलत बसले. सरांना मी हेच दाखवते, पण आशा ठेवू नकोस."

ती जागा एका दुसऱ्या मुलाला मिळाली. त्याच्याकडे चार वेबसाइट होत्या. समीक्षाताईंनी मात्र दर शनिवारी तासभर मोनालीला फोनवर बसवून कुलूप शिकवायला घेतलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता मला सांग, तुझ्या पानात चोर कुठून शिरेल?" मोनालीनं तीन जागा सांगितल्या. त्यांनी अजून पाच दाखवल्या.

आठवड्यातून दोन दुपारी ती पूनमसिंगांच्या दुकानात बसते. ते वही उघडतात, पान पाहतात, डोळे मिटतात आणि खरा आकडा सांगतात. नवं पान चार मिस्त्र्यांसाठीच उघडतं. पाचवा कोण, हे पूनमसिंग आणि खेमसिंग फोनवर भांडून ठरवतात. तिच्याशी मंग भांडीन म्हणाले होते, ते भांडण अजून झालेलं नाही. एकदा तिनंच आठवण करून दिली, तर म्हणाले, "लिहून ठेव, ईसरतो मी."

जुनं पान तिनं काढलेलं नाही. ती माफी अजून तिथंच आहे. आतापर्यंत तीन फोन आले. उमरखेडच्या एकानं स्वतःच्या अकलेनं फेरे वाढवले होते, त्याची मोटार चालू होती. आदिलाबादकडच्या एकाची जळली. पूनमसिंगांनी स्वतः त्याच्याशी मोडक्या हिंदीत बोलून फेरे सांगितले. तिसऱ्यानं फक्त शिव्या दिल्या आणि नाव न सांगता फोन ठेवला.

पण तक्ता उघडा होता त्या एकोणीस दिवसांत पान दीड हजाराहून जास्त वेळा उघडलं गेलं होतं. त्यातले कितीतरी नुसतेच डोकावून गेले असतील. काही जण दहादा आले असतील. मोनाली हे स्वतःला समजावते, कारण ते खरंही असू शकतं. तरी अनोळखी नंबरावरून फोन आला की ती हातातलं टाकून उचलते. बहुतेकदा सिमकार्डवाले असतात. फोन ठेवल्यावर तिला तेच वाटत राहतं. ज्यांनी चौतीस वाचून चौतीस टाकले आणि मोटार जळल्यावर स्वतःचाच हात चुकला असं मानून गप्प बसले, त्यांना कोणी सांगितलं असेल का?